रात्रपाळीत भयकथा कशी वाचावी

आधी आवाज ओळखायला शिका. पुस्तक नंतर.

मी वेंगुर्ल्याला बंदराकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. एकोणीस वर्षं झाली. काम म्हणाल तर कॉम्प्रेसरचा दाब बघायचा, मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडलेल्या डब्यांवर लक्ष ठेवायचं, पहाटे चारच्या सुमारास गाड्या आल्या की लाद्या काढून द्यायच्या. मधल्या वेळात माणूस एकतर झोपतो नाहीतर वाचतो. झोपलेलं मालकाला चालत नाही, म्हणून मी वाचतो. आणि निम्म्याहून जास्त भयकथाच वाचतो. लोक विचारतात, एवढ्या रात्री, एकट्याने, तेही असलं? तर कसं वाचायचं ते सांगतो.

पहिल्या वर्षीची गोष्ट. कथेत कुणीतरी ओल्या पायांनी माजघरात येतं, इथवर मी आलो होतो. तेवढ्यात मागच्या खोलीतून जमिनीवरून काहीतरी ओढत नेल्यासारखा आवाज आला. सर्रर्र. थांबला. मग पुन्हा सर्रर्र. हातात पान होतं तिथे पाना आला. अर्धा तास भिंतीला पाठ लावून उभा होतो. शेवटी बॅटरी घेऊन गेलो, तर वरची लादी खालच्या लादीवरून घसरत घसरत भिंतीपर्यंत आली होती. बर्फ तो, घसरणारच. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी त्या पुस्तकाची इतकी तारीफ केली की दोघांनी ते वाचनालयातून नेलं. दोघांनीही मला शिव्या घातल्या. कथा टुकार होती. घाबरवलं होतं ते लादीने, आणि श्रेय मी लेखकाला देऊन बसलो होतो.

म्हणून सांगतो, ज्या जागी वाचणार तिथे आधी चार-पाच रात्री पुस्तकाशिवाय बसा. माझ्याकडचे आवाज मी असेच एकेक करून निकालात काढले. सुकलेलं चुडत माडावरून पडतं ते धप्प. कौलांवरून उदमांजर जातं तेव्हा कौलं एका ओळीत वाजतात, उंदीर गेला तर कुठेही वाजतात. चक्-चक्-चक् करत शेवटी आवाज लोळवणारा तो रातवा पक्षी. गव्हाणी घुबड ओरडतं ते मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कुणाचातरी गळा दाबल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही, सवय हवी. पावसात खेकडे दाराच्या फटीतून आत येतात आणि पत्र्याच्या डब्यावर नख्या घासतात. भरती-ओहोटीने खडपातला आवाज बदलतो. हे सगळं वजा केलं की उरते ती पुस्तकाची भीती. त्याआधी कुठल्याही कथेला चांगलं-वाईट म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

याच सवयीतून आणखी एक गोष्ट कळली. आवाज सुरू झाला की मी दचकतो, पण आवाज बंद पडला की मी घाबरतो. कॉम्प्रेसर रात्रभर घुमत असतो, तो कानाला ऐकूसुद्धा येत नाही. तो मधेच थांबला की मी गाढ झोपेतूनही उठेन. पावसाळ्यात बेडकांचं तसंच. हजार बेडूक ओरडत असताना एकदम सगळे गप्प झाले, तर मान आपोआप वळते. चांगला भयकथाकार हे जाणतो. तो दार वाजवत बसत नाही, रोज वाजणारं काहीतरी हळूच थांबवतो. कथा वाचताना हे शोधा: काय थांबलं? रोज भुंकणारा कुत्रा कुठल्या परिच्छेदापासून भुंकलेला नाही? ते सापडलं की लेखकाचा हात दिसतो.

आता भीतीच्या जाती. आपल्या भाषेत यासाठी इतके नेमके शब्द आहेत, आणि पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे सगळ्याला ‘थरारक’ म्हणून मोकळे होतात. दचका वेगळा. तो मांजरसुद्धा देऊ शकतं. शिसारी वेगळी, ती रक्त-मांस-अळ्यांनी येते, आणि मी रोज मासळीच्या वासात वावरणारा माणूस, मला ती येत नाही. आतड्यांची वर्णनं पानंच्या पानं करणारी पुस्तकं मी अर्ध्यात सोडतो. कंटाळा येतो म्हणून. धास्ती म्हणजे घडायच्या आधीची भीती. आणि धसका म्हणजे पुस्तक परत देऊन आठवडा झाला तरी जी उतरत नाही ती. अॅन रॅडक्लिफ नावाच्या इंग्रज लेखिकेने असाच भेद केला होता, तिचा तो लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली छापला गेला. तिचं म्हणणं, एक भीती मनाला पसरवते, जागं करते; दुसरी त्याला आकसून गोठवून टाकते. पहिली ती धास्ती. मी तिच्यासाठीच वाचतो. कथा संपली की एका शब्दात सांगायची सवय लावा: दचका, शिसारी, धास्ती की धसका? ज्या लेखकाकडून तीनदा नुसता दचकाच मिळाला, त्याचं चौथं पुस्तक घेऊ नका.

सुरुवात कुठून करायची? माझं मत, रत्नाकर मतकरींच्या कथांपासून. त्यांची कथा लहान, माणसं आपल्या शेजारची, आणि शेवटचा घाव बसेपर्यंत तो कुठून येणार ते कळत नाही. दोष एकच. पाच-सहा ओळीने वाचल्या की मन शेवट ताडू लागतं आणि मजा जाते. म्हणून एका रात्री एकच. मग नारायण धारप. धारपांची भाषा साधी, कुणी म्हणतील सपक, पण मला तीच त्यांची ताकद वाटते. शेजारी सांगतोय तशा सुरात ते अमानवी गोष्ट सांगतात. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या कादंबरीवरून घेतलेली. यावरून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना मी म्हणतो, कलम परगावचं असलं तरी आंबा इथल्या मातीत धरला ना? परदेशी वस्तीतलं भय मराठी गावात कसं मुरवायचं, कुठे मुरलं आणि कुठे वर तरंगत राहिलं, हे बघायला तरी ती वाचावी.

आणि मग आमच्या भागातले चिं. त्र्यं. खानोलकर. १९३० चा जन्म, १९७६ ला गेले, कुडाळला खानावळ चालवलेली. त्यांना कुणी भयकथाकार म्हणत नाही, वाचनालयात ते वेगळ्याच कपाटात असतात. मी म्हणतो, चुकीच्या कपाटात आहेत. ‘कोंडुरा’ वाचून झाल्यावर मी सायकलने कोंडुऱ्याला गेलो होतो, वेंगुर्ल्यापासून लांब नाही. खडकात पाणी घुसतं आणि आतून घुमतं. भर दुपार, ऊन, माझ्याशिवाय कुणी नाही. आवाज कशाचा हे डोळ्यांनी बघत होतो आणि तरी पाच मिनिटांवर उभं राहवलं नाही. हा धसका. जी. ए. कुलकर्णींचंही तेच, भूत नाही, चेटूक नाही, पण माणसाच्या नशिबाचा काळोख असा की पुस्तक मिटून बाहेर जाऊन विडी ओढावी लागते. यांना शेवटी ठेवा. सुरुवातीलाच घेतलंत तर बाकीचे फिके वाटतील.

कोकणावर लिहिलेल्या भयकथा निवडताना माझी परीक्षा कडक असते, कारण यात भेसळ फार. पडका वाडा, कंदील घेतलेला म्हातारा गडी, तो मालवणीच्या नावाखाली काहीतरी बरळतो, आणि मुंबईचं जोडपं. लेखकाला मालवणी येते का ते गड्याच्या दुसऱ्या वाक्यात कळतं. दुसरी खूण देवचार. ज्या कथेत देवचाराला नुसता दुष्ट पिशाच्च केलंय, ती लिहिणारा इथे राहिलेला नाही. आमच्याकडे तो राखणदार, त्याला गाऱ्हाणं घालतात, तो रागावतो तो आपण चुकलो म्हणून. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा, त्याला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, तो रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात म्हणून. आता या चपलेची भीती वाटते की आधार? दोन्ही. ही दोन्ही एकत्र ज्याला लिहिता आली त्यालाच आमचं गाव कळलं. आणि खरं विचाराल तर इथल्या बहुतेक भूतकथांच्या तळाशी जमीन निघते. सातबाऱ्यावर सोळा नावं, त्यातली चार मुंबईत, एक परागंदा, आणि विहिरीजवळ जाऊ नका म्हणणारी एक काकी. भूत काढून टाका आणि बघा, भाऊबंदकी उरते का. उरली तर कथेत जीव आहे.

प्रत्यक्ष वाचताना एक नियम: एका बैठकीत संपेल तेवढंच घ्या. मला दर तासाला उठून दाब बघावा लागतो, म्हणून माझी कथा पाऊण तासाची. एडगर अॅलन पो यांनी १८४६ साली हेच लिहून ठेवलंय, एका बैठकीत न संपणाऱ्या लिखाणाचा एकसंध परिणाम तुटतो, मधे जगाचे व्यवहार घुसतात. त्यांना कॉम्प्रेसर नव्हता, पण मुद्दा तोच. कादंबरी असेल तर निदान प्रकरण पुरं करून उठा. मोबाइल उलटा ठेवा. शेवटचं पान आधी बघणाऱ्यांशी मी बोलत नाही.

दुसरं वाचन मात्र दिवसा, उन्हात, चहा घेऊन. शेवट माहीत असताना. भीती टिकते का? लहानपणी आमच्या जत्रेत दशावतारात संकासुर यायचा, काळा, उड्या मारत, आणि आम्ही पोरं आईच्या पदरात. एका वर्षी मी नाटकाआधी मागच्या बाजूला गेलो. संकासुर पेटाऱ्यावर बसून चहात बटर बुडवून खात होता. मला म्हणाला, “होयो काय?” आणि अर्धा बटर दिला. दोन तासांनी तोच समोर उडी मारून आला आणि मी रडलो. बटरची चव अजून तोंडात होती. जी कथा दुसऱ्यांदा वाचतानाही असं करते ती विकत घ्या. बाकीच्या वाचनालयाच्या वर्गणीत भागतात.

मोठ्याने वाचून दाखवायची असेल तर भुताचा आवाज काढू नका. कृपा करा. केंब्रिजचे एम. आर. जेम्स नाताळात मित्रांना आपल्या भूतकथा वाचून दाखवत. ते कुठल्या सुरात वाचत ते मी ऐकलेलं नाही, पण माझा अनुभव असा की हिशेब वाचावा तसं वाचलं की ऐकणारे जवळ सरकतात. माझी आये रात्री जेवणानंतर ऐकायची. तिला लेखकाचं नाव, गाजलेलं-न गाजलेलं काही ठाऊक नसे. ती मधेच विचारायची, “मगे तेंनी तुळशीकडे दिवो लावलो नाय?” आणि बहुतेक वेळा तिथेच कथेतलं भोक सापडायचं. घरात बाई आहे, संध्याकाळ झालीय, आणि लेखक दिवा विसरलाय. तो मुद्दाम विसरला असेल तर उत्तम, तिथूनच धास्ती सुरू व्हायला हवी. नुसताच विसरला असेल तर त्याने त्या घरात पाय ठेवलेला नाही. आये हसायची आणि म्हणायची, “पुस्तकातला भूत पुस्तकात ऱ्हवता, तू पयला दार लाव.” तिचा विश्वास होता, माझा नाही. तरी तिच्यासमोर ‘असलं काही नसतं’ असं मी कधी बोललो नाही, कारण भूत नसतंच म्हणणाऱ्यापेक्षा असतं म्हणणारी माणसं कथा नीट ऐकतात.

आणि केव्हा वाचू नये तेही सांगतो. आये गेली त्या वर्षी मी नेहमीप्रमाणे कामावर पुस्तक नेलं. दुसऱ्याच पानावर एका मेलेल्या आईला मुलगा हाक मारतो. कथा चांगली असावी. मी पुस्तक मिटलं, आणि सात-आठ महिने पाककृतींची आणि शिकारीची पुस्तकं वाचली. तेव्हा भीतीची गरजच नव्हती, उलट कुणी दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. असं कुणाचं झालं असेल तर जबरदस्तीने वाचू नका. पुस्तक कुठे जात नाही. ते मी नंतर पुन्हा आणलं, पुरं केलं, धास्तीच्या खात्यात टाकलं.

सध्या १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक जवळजवळ नाही, मालक टाकी रंगवून घेतोय. कॉम्प्रेसर दिवसाआड चालतो, म्हणजे एक रात्र सोडून एक रात्र माझ्याकडे तो घुमणारा आवाजच नसतो. आवाजांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. काल रात्री पहिल्यांदा ऐकू आलं की नळ गळतोय. एकोणीस वर्षं गळत असणार. वायसर आज बदलतो, मग धारप काढतो.