बेळगावात प्लॉट बघायला जाताय? हे सगळं बघून मगच ॲडव्हान्स द्या

पहिली गोष्ट, एप्रिल-मेमध्ये बघितलेल्या प्लॉटला एप्रिल-मेमध्येच ॲडव्हान्स देऊ नका. जुलैत चार दिवस झड लागली की गमबूट घालून परत जावा. एजंट म्हणणार, आत्ता चिखल आहे ओ, पाऊस संपल्यावर या, पण आपण चिखल असतानाच जायचं. आमच्या मामेभावानं वडगाव शिवाराच्या कडेला तीस बाय चाळीसचा प्लॉट मार्चमध्ये घेतला होता, जमीन टणटणीत, शेजारच्या रानात मसूर काढून झालेला, सगळं छान दिसत होतं, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये नव्या घराच्या हॉलमध्ये गुडघाभर पाणी! पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली तपकिरी रेघ दोनदा रंग मारला तरी दर पावसाळ्यात ओल धरून वर येते. तशीच रेघ शेजारच्या घरांवर, पंपाच्या खोलीवर, कंपाउंडच्या बुडाशी आहे का ते वाकून बघा.

बळ्ळारी नाल्याचं तर दरवर्षीचंच आहे. येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगाव, हलगा ह्या पट्ट्यात नाला गाळानं आणि जलपर्णीनं तुंबतो आणि पाणी भातात पसरतं. भाताची जमीन मुळात पाणी धरण्यासाठीच बांध घालून केलेली असते, तिथं चार फूट मुरूम टाकला म्हणून पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या शेतात जातं, आणि बेळगाव बासमती पिकवणारी ती शेतं आधीच कमी होत चाललीत. मला विचाराल तर असा भराव घातलेला प्लॉट निम्म्या दरात मिळाला तरी नको. निपाणीकडं बघत असाल तर वेदगंगा, दूधगंगेच्या काठच्या लोकांना 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, यमगर्णीजवळ हायवेच बंद पडला होता.

आता कागद. उताऱ्यावर खराब जमिनीचं क्षेत्र अ आणि ब असं वेगळं दाखवलेलं असतं, त्यातला ब खराब म्हणजे नाला, तळं, रस्ता अशी सार्वजनिक वापराची जागा, ती कुणी विकूच शकत नाही. मोबाईलवर दिशांक हे कर्नाटक सरकारचं जमिनीच्या नकाशांचं ॲप घ्या, प्लॉटवर उभं राहून सर्व्हे नंबर बघा, नाला नकाशात कुठून जातो आणि प्रत्यक्षात कुठं वळवलाय ते लगेच कळतं. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस बरोबर घ्या, अंदाजानं सही नको. एनए (बिगरशेती परवाना), बुडा म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी, ईसी (जमिनीवरचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला) हे तर बघालच.

पिशवीत एक छोटी कुदळ आणि दोन स्वच्छ बाटल्या टाका. कॅम्प, टिळकवाडीकडं लाल माती, पूर्वेकडं सरकाल तशी काळी. काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की हात आत जातो आणि पावसात फुगते, मग भिंतींना तडे, म्हणून पायाचा खर्च इंजिनिअरला आधीच विचारून घ्या. दीड फुटाचा खड्डा काढून पाणी ओता, तासाभरात जिरलं नाही तर शोषखड्डाही तिथं नीट चालणार नाही. बाटल्या शेजारच्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यासाठी, ते लॅबला द्या. आणि मे महिन्यात एक चक्कर मारायचीच, पैसे द्यायला नाही तर टँकर किती दिवसांनी येतो ते विचारायला. विचारायचं बायकांना, पाणी त्याच भरतात. राकसकोप धरणाच्या पाण्याची लाईन येणार आहे हे ऐकून घेऊ नका, नळ दाखवा म्हणा.

तुरमुरीच्या कचरा डेपोकडं किंवा उद्यमबागच्या फौंड्र्यांजवळ जागा असेल तर सकाळी नको, संध्याकाळी सातनंतर अर्धा तास नुसतं उभं राहा. वास आणि धूळ तेव्हा कळते.

खानापूरकडं फार्महाऊसचं खूळ वाढलंय. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, त्याच्या आसपासची जागा असेल तर फॉरेस्टची हद्द आणि तिथली बंधनं लेखी मागून घ्या. आपल्याच जागेतली झाडं असली तरी तोडायला बहुतेक वेळा परवानगी लागते, 1976 चा कायदा आहे तसा. एजंट सगळं साफ करून देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा, जांभूळ, फणस तोडून व्ह्यू करायचा असेल तर मग खानापूरला जायचंच कशाला?

हे सगळं करताना पावसातला व्हिडिओ काढून ठेवा, पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, आणि सहीच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून दाखवा.