बाळांच्या सेवा सुधारायच्यात? आधी बाळं मोजा. पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) लेव्हलचा छोटा अभ्यास कसा करायचा

दरवर्षी जून-जुलै आला की एमपीएच, एमएसडब्ल्यू, नर्सिंगवाल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, "ताई बालआरोग्यावर टॉपिक सुचवा ना." आणि सुचवायच्या आधीच निम्म्यांचा टॉपिक ठरलेला असतो, अमुक तालुक्यातील मातांचे ज्ञान, दृष्टिकोन व आचरण. मग 200 बायका पकडायच्या, प्रत्येकीला 40 प्रश्न विचारायचे, आणि शेवटी लिहायचं की जनजागृतीची गरज आहे. अहो ते तर न जाताही लिहिता आलं असतं! त्या 200 बायकांचा अर्धा अर्धा दिवस गेला त्याचं काय.

म्हणून ही पोस्ट. ज्यांना खरंच काहीतरी बदलेल असा अभ्यास करायचाय त्यांच्यासाठी, मग तुम्ही स्टुडंट असा, एमओ (पीएचसीचे मेडिकल ऑफिसर) असा नाहीतर गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या).

सगळ्यात आधी प्रश्न लहान करा. "बालमृत्यू का होतात" हा तुमचा प्रश्न नाही, त्याला तुमच्याकडे वेळही नाही आणि आकडेही नाहीत. एका पीएचसीखाली साधारण 30 हजार लोकसंख्या, जन्मदर हजारी 15 धरला तर वर्षाला 450 बाळं म्हणजे महिन्याला 35 ते 40, एवढ्यात मृत्यूचा दर कमी झाला का वाढला हे सांगताच येत नाही, दोन इकडचे तिकडे झाले की टक्केवारी उड्या मारते. पण सेवा मोजता येते. मी नेहमी हा प्रश्न देते: मागच्या 6 महिन्यांत आपल्या हद्दीत जन्मलेल्या किती बाळांना आशाताईंच्या (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या) सगळ्या गृहभेटी ठरल्या दिवशी मिळाल्या, आणि ज्यांना नाही मिळाल्या त्यांना का नाही. बास.

हाच का, तर याच्यामागे आपल्या महाराष्ट्रातलंच काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायच्या, वजन घ्यायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध-इंजेक्शन द्यायच्या, आणि शेजारच्या 47 गावांत नेहमीच्याच सरकारी सेवा, अशी तुलना. 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला, नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली. त्याच धर्तीवर 2011 ला देशभरातल्या आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात डिलिव्हरी असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा 6 भेटी, घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची धरून 7. म्हणजे भेटींनी फरक पडतो हे सिद्ध करायचं काम झालेलं आहे, तुम्हाला फक्त बघायचंय की आपल्याकडे त्या होतात का. आणि गडचिरोलीतली एक गोष्ट लोक विसरतात, उपचार सुरू करायच्या आधी त्यांनी दोन वर्षं गावागावातले जन्म आणि मृत्यू नीट मोजले होते. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा 2001 चा "कोवळी पानगळ" अहवाल गाजला तोही याच कारणाने, सरकारी नोंदीत जेवढे बालमृत्यू दिसत होते त्यापेक्षा प्रत्यक्षात खूप जास्त निघाले.

तर मोजणं. यातच खरी मेहनत आहे त्यामुळे इथे घाई करू नका.

पहिल्यांदा लाईन लिस्ट करा, एका बाळाला एक ओळ. फक्त आरसीएच रजिस्टरवर (गरोदर बायका आणि बाळांची सरकारी नोंदवही) विसंबू नका कारण त्यात ज्या बायकांची नोंद तुमच्याकडे झाली त्याच असतात. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, अंगणवाडीची यादी, लसीकरण सत्राची यादी, या तिन्ही समोरासमोर ठेवा आणि पेन्सिलीने जुळवत जा. पहिल्या दिवशीच तुम्हाला अशी बाळं सापडतील जी एका यादीत आहेत आणि दुसरीत नाहीतच. प्रायव्हेटला डिलिव्हरी झालेली, आणि सगळ्यात जास्त, माहेरवाशिणींची.

माहेर हा विषय पुस्तकात कुठेच मिळणार नाही पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाईची नोंद सासरच्या गावात, बाळ जन्माला आलं माहेरच्या तालुक्यात, सव्वा महिना नाहीतर तीन महिने ती तिकडेच. सासरची आशा म्हणते बाई गावात नाही, माहेरची आशा म्हणते माझ्या यादीत नाही. दोघींचंही बरोबर, आणि बाळाकडे 42 दिवस कोणीच फिरकलेलं नाही!

दुसरं, कागदावरची भेट आणि झालेली भेट यात फरक असतो, तो कसा पकडायचा? आईला "आशाताई येतात का" असं विचारलं की ती हो म्हणते, शेजारीणच असते ना ती, कशाला वाईट सांगेल. त्यापेक्षा असं विचारा, "ताई, बाळाला वजनकाट्याच्या झोळीत कोणी घातलं होतं का? किती वेळा? तेव्हा घरात कोण कोण होतं?" झोळी आणि बाळाचं रडणं आईच्या लक्षात राहतंच. सासू शेजारी बसलेली असेल तर तिलाही विचारा, बऱ्याचदा खरं कारण तिथेच निघतं. मला एका घरी सासूबाई सरळ बोलल्या, "सव्वा म्हैना झाल्याबिगर बाहेरच्याला बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नसतेत, आन् वजन केलं की नजर लागती बाळाला." आता यात आशाची चूक काय? ती बिचारी दारातून विचारून परत गेली आणि रजिस्टरला टिक केलं.

वजनाचं एक गंमतशीर सांगते. रजिस्टर मिळालं की सगळ्यात आधी जन्मवजनाचा कॉलम खाली खाली वाचत जा. एका ठिकाणी मी वाचला तर निम्म्याहून जास्त बाळांचं वजन बरोब्बर 2.5 किलो. 2.5 च्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं धरतात, जास्तीचा फॉलोअप मागे लागतो, म्हणून 2.4 चं 2.5 कधी होतं ते लिहिणाऱ्याला पण कळत नाही. कुणावर ओरडू नका, तो आकडा तुमचा पहिला निष्कर्ष आहे. स्वतः वजन घेताना आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा, बाळाचे कपडे काढा (थंडी असेल तर खोलीची दारंखिडक्या लावून), काटा तुमच्या डोळ्यांच्या रेषेत धरा, खालून वर बघितलं की आकडा चुकतो.

श्वास मोजायचं पण शिकून घ्या. बाळ शांत हवं, रडत नको, दूध पीत नको, आईच्या मांडीवरच असू दे, कपडा वर करून पोटाकडे बघायचं आणि पूर्ण 60 सेकंद मोजायचं. 30 सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले तर परत एकदा मोजा, परत तेवढेच आले तर जलद श्वास. 2 महिने ते वर्षापर्यंत 50 आणि पुढे 5 वर्षांपर्यंत 40. गडचिरोलीत न शिकलेल्या दायांसाठी यावर भारी युक्ती काढली होती, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीत मणी, दर 10 श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. ज्या बाईला 10 च्या पुढे मोजता येत नव्हतं तिलाही जमायचं ते! साधन माणसाला बघून बनवतात ते असं.

आणि हे नीट वाचा. घरोघर फिरताना आजारी बाळ सापडलं, म्हणजे दूध ओढत नाही, अंग गार लागतंय, हालचाल मंदावलीये, छाती आत ओढली जातेय, तर फॉर्म बाजूला ठेवायचा आणि 108 ला फोन. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं आणि उपचार फुकट आहेत हेही घरच्यांना तिथेच सांगा, पैशापायी लोक रात्रभर थांबतात.

परवानगीचं थोडक्यात. आपल्याच पीएचसीचं काम सुधारायला आकडे बघत असाल तर एमओ आणि टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) यांची लेखी परवानगी घ्या, पण थिसिस किंवा पेपर करणार असाल तर आधी एथिक्स कमिटीची (संशोधन नीतीने होतंय का बघणारी समिती) मंजुरी, मागाहून कोणी देत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूल अभ्यासात असेल तर पालकाची संमती हवीच, शिवाय 7 वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतःला समजेल असं सांगून त्याचा होकार, 12 च्या पुढे तो लेखी. एक्सेलमध्ये बाळाचं आणि आईचं नाव ठेवू नका, नंबर द्या, नावाची वही वेगळी कुलपात.

आता सुधारणा. कारणं मोजून झाली की सगळ्यात मोठं एक कारण उचला, एकच. समजा माहेर निघालं. मग भित्तीपत्रक नाही, प्रशिक्षण नाही, एका उपकेंद्रात एक महिना एक गोष्ट करून बघायची. आम्ही असं केलं होतं की सातव्या-आठव्या महिन्यात सिस्टर विचारणार बाळंतपण कुठे, माहेरचं गाव लिहून घेणार आणि गटप्रवर्तक तिथल्या आशाला फोन करणार. पहिला महिना साफ फ्लॉप. का तर तिकडची आशा म्हणाली, "ताई मी भेटी देते हो, पण माझ्या रजिस्टरला बाईच नाही तर बिल कुठं लावू?" बरोबर आहे ना, सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर 250 रुपये, तेही नाहीत म्हटल्यावर ती स्वतःच्या पेट्रोलने का जाईल. मग दोन्हीकडच्या एमओंनी लेखी काढलं की जिथे भेट तिथल्या रजिस्टरला नोंद आणि तिथेच बिल. दुसऱ्या महिन्यापासून फोन आपोआप व्हायला लागले. हे उत्तर प्रश्नावलीत कधीच आलं नसतं, करून फसलं म्हणून आलं.

निकाल कसा दाखवायचा? तुमच्याकडे गडचिरोलीसारखी 39 विरुद्ध 47 गावं नाहीत, त्यामुळे साधा रेषेचा आलेख, आडवे महिने (नाहीतर पंधरवडे), उभी सगळ्या भेटी मिळालेल्या बाळांची टक्केवारी, बदलाच्या आधीच्या आकड्यांचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावून मधला) काढून आडवी रेघ मारा. बदलानंतर सलग 6 ठिपके त्या रेघेच्या वर राहिले तर म्हणायचं काहीतरी खरंच हललंय, एक महिना वर गेला म्हणून पेढे वाटू नका. सिझर होऊन बाई सातव्या दिवशी घरी आली असेल तर तिसऱ्या दिवसाची भेट चुकली असं धरू नका, नाहीतर आशांवर उगाच खापर. आणि रिपोर्ट एका पानाचा, मराठीत, आशांच्या महिन्याच्या मीटिंगला मोठ्याने वाचून दाखवा, चुकीचं असेल तर त्याच तिथल्या तिथे सांगतात.

शेवटचं, ऊसतोडीच्या भागात असाल तर महिने बघून तुलना करा. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यावर जातात, सोबत बाळंतीण आणि 15 दिवसांचं बाळ पण जातं, आणि डिसेंबरची टक्केवारी अचानक सुधारते कारण अवघड बाळं यादीतूनच गेलेली असतात. लाईन लिस्टमध्ये "कारखान्यावर" असा एक कॉलम ठेवा, कुठला कारखाना तेही लिहा, आणि ती बाळं एकूण बाळांतून वजा करू नका, वेगळ्या रंगात दाखवा.