शिंजुकू ते नाराई: दोन रात्रींची तयारी

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आले, की पहिले चार दिवस टोकियो बघण्यात जातात. पाचव्या दिवशी आई चहाचा कप हातात घेऊन म्हणते, "आता जरा शांत कुठंतरी ने रे." मग आम्ही टोकियोतल्या निशिकासाईच्या घरातून एकाच दिशेला निघतो. शिंजुकूला आझुसा एक्स्प्रेस पकडायची, अडीच तासांनी शिओजिरीला उतरून लोकल घ्यायची आणि वीस-पंचवीस मिनिटांत किसोच्या खोऱ्यातलं नाराई गाठायचं. शिंजुकू म्हणजे जगातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन. नाराईच्या लाकडी स्टेशनावर उतरलं आणि गाडी पुढे निघून गेली, की शेजारच्या नदीचं पाणी ऐकू येतं.

ओळखीचे मराठी लोक नेहमी विचारतात, तिथं जायला काय काय लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. टोकियोत जे चोवीस तास हाताशी असतं, त्यातलं जवळजवळ काहीच तिथं संध्याकाळी पाचनंतर मिळत नाही. ती शांतता हवी असेल तर हे मनापासून मान्य करून निघायचं. सगळी धावपळ इथं, घरी उरकायची.

सगळ्यात आधी तारीख. एप्रिलच्या शेवटापासून 5 मेपर्यंतचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावरचं ओबोन, म्हणजे पितरांचा सण, आणि नववर्षाचे पहिले दिवस, एवढे टाळा. तेव्हा अख्खं टोकियो तुमच्याआधी तिथं पोचलेलं असतं. शनिवार-रविवारऐवजी सोमवार-मंगळवार जमत असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्या दिवशी कुठली दुकानं आणि खानावळी बंद असतात ते आधी बघून ठेवा. जून ते जुलैचा मध्य हा पावसाळा. आपल्याला तो हिरवा ओला डोंगर घरच्यासारखा वाटतो, पण खिंडीतली वाट निसरडी होते. पानांचा रंग बघायचा असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. जानेवारी-फेब्रुवारीत काही घरगुती मुक्काम बंदच असतात.

मग मुक्काम. शक्य असेल तर मिन्शुकु घ्या, म्हणजे कुणीतरी आपल्या राहत्या घरात चालवलेली खानावळ-कम-धर्मशाळा. बुकिंग करताना दोन शब्द नीट वाचा. "इप्पाकु निशोकु" म्हणजे एक रात्र, दोन जेवणं. "सुदोमारि" म्हणजे नुसतं झोपायला जागा. सुदोमारि स्वस्त दिसतं, म्हणून आम्ही पहिल्यांदा तेच घेतलं होतं. संध्याकाळी सहाला बाहेर पडलो तर किलोमीटरभर लांब रस्त्यावर एकही खानावळ उघडी नव्हती. त्या रात्री बॅगेतला भडंग आणि यंत्रातला गरम चहा, यावर तिघांचं जेवण झालं. तेव्हापासून मी नेहमी दोन्ही जेवणांसह खोली घेतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. आई-वडील बरोबर असतील तर बुकिंगच्या वेळीच खुर्ची मागून ठेवा. "इसु" एवढा शब्द पुरतो. तातामीवर, म्हणजे गवताच्या जाड चटईवर, जेवायला आणि झोपायला जमिनीवर बसावं लागतं. आपल्या आधीच्या पिढीला पाटावर बसायची सवय असली, तरी गुडघ्यांचं आता वेगळं असतं.

जेवणाची तयारी सगळ्यात जास्त करावी लागते. शाकाहारी माणसाला जपानी डोंगरात अडचण येते ती मटणामाशांनी नव्हे, दाशीनं. दाशी म्हणजे रस्सा ज्यावर उभा असतो ते पाणी, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसापासून करतात. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, त्याचं सूप, उकडलेल्या भाज्या, सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया, त्यांच्याबरोबरची सोया सॉसची वाटी, सगळ्यात ती असते. "मी शाकाहारी आहे" असं सांगून भागत नाही, कारण समोरच्याच्या मनात दाशी हा मासा नसतोच. म्हणून बुकिंगच्या वेळी, निदान आठवडाभर आधी, हे वाक्य कळवा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन." मांस-मासे खात नाही, बोनिटोची दाशीही चालत नाही. हेच जपानी लिपीत एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. दारात पोचल्यावर सांगू नका. त्या घरात दुपारपासून तुमच्यासाठी स्वयंपाक चाललेला असतो, आणि आयत्या वेळी सगळं बाजूला सारायला लावणं हा त्या बाईंचा अपमान आहे.

आधी कळवलं, तर खाण्याची चैन आहे. किसो सोबाचा मुलूख आहे. शेवया कापून केलेल्या सोबाची सगळ्यात जुनी नोंद इथल्याच एका देवळाच्या 1574 सालच्या कागदात सापडली आहे. वाटीतला सॉस नको असेल तर नुसतं मीठ मागा, "शिओ दे". कुट्टूच्या पिठाचा खरा वास त्यातच कळतो. गोहेइमोची ही भाताच्या गोळ्याला अक्रोड-मिसोचं वाटण लावून काठीवर भाजलेली वस्तू आहे. वाटणात दाशी नाही ना, एवढं विचारून खा. आणि सुन्की मिळालं तर सोडू नका. लाल सलगमाचा पाला मिठाशिवाय आंबवून करतात, मीठ अजिबात नाही. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अरे, हे तर आंबलेल्या मुळ्याच्या पाल्यासारखं." फक्त त्यावर बोनिटोचा कीस भुरभुरू नका असं आधी सांगावं लागतं.

घरून काय न्यायचं? भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. मेतकूट मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो यादीत. रात्रीच्या जेवणात लाकडी डब्यातून गरम भात येतो, मऊ, चिकट, वाफाळता. गेल्या खेपेला आईनं हळूच विचारलं, "यावर आपलं मेतकूट घेतलं तर चालेल का रे?" दुसऱ्याच्या जेवणाच्या खोलीत स्वतःचं काढून खाणं बरं दिसत नाही, म्हणून मी ओकामी-सानना, म्हणजे घरमालकीणबाईंना, रीतसर विचारलं. त्यांनी पुडी नाकाशी नेली, चिमूटभर तळहातावर घेतली, जिभेला लावली आणि म्हणाल्या, "किनाको?" किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. मी म्हटलं, त्याचीच दूरची बहीण, हिच्यात डाळी, तांदूळ, हिंग, हळद असते. त्यांनी स्वतःसाठी अर्धी वाटी भात आणला आणि आईशेजारी बसून मेतकूट-भात खाल्ला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं गप्पा चालल्या होत्या.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक सूचना. मांसाचे पदार्थ, ताजी फळं, कढीपत्ता असलं काही बॅगेत घालू नका, विमानतळावरच काढून घेतात. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं वाचून घ्या. 10 टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं जपानमध्ये आणायला बंदी आहे. रोजच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट आणि दोन दिवस जास्तीच्या घ्या. नाराईत रात्री औषधाचं दुकान शोधत फिरता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 110, हे बाबांच्या फोनमध्येही घालून ठेवा.

पैसे रोख न्या. कार्ड चालेल असं धरू नका. माझा हिशेब असा, की मुक्कामाचं पूर्ण भाडं आणि वर माणशी दहा हजार येन. त्यात हजाराच्या नोटा भरपूर हव्यात, कारण बसमधल्या यंत्रात सहसा तेवढ्याच नोटेची मोड मिळते. 2024 पासून या नोटेवर कितासातो शिबासाबुरो आहेत. 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधायला गेलेले हे डॉक्टर, आणि दोनच वर्षांत तो प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात शिरला. बाबांना हे सांगितल्यावर ते ती नोट हातात धरून बराच वेळ बसले. त्यांच्या पणजोबांचं घर तेव्हा शहर सोडून माळावर झोपडी बांधून राहिलं होतं, ही गोष्ट त्यांनी मला त्या गाडीत पहिल्यांदा सांगितली.

तिकीट. आझुसाची सगळी आसनं आरक्षित असतात, तेव्हा ते आधीच घ्या, आणि शिंजुकूहूनच नाराईपर्यंतचं कागदी तिकीट काढा. रोजचं कार्ड टॅप करून चढलात आणि उतरताना तिथं ते वाचायची सोय नसली, तर स्टेशनात नसती खटपट. शिओजिरीनंतर गाड्या विरळ होतात, तासाला एखादी, कधी त्याहून कमी. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, कारण बोगद्यांमध्ये फोनला रेंज राहत नाही. एकदा शिओजिरीला आमची जोडगाडी दोन मिनिटांनी हुकली. मी लगेच फोन करून उशीर कळवला, तरी पोचलो तेव्हा ओकामी-सान थंडीत दाराशी उभ्या होत्या आणि स्वयंपाकघरातला माणूस घरी जायचा थांबला होता. त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही, पण मला ती संध्याकाळ अजून लागते. तेव्हापासून दुपारी चारच्या आत पोचणारी गाडीच मी धरतो.

पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड जवळ हवंच. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून घेतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका. या वाटेला कागदांचा इतिहास मोठा आहे. नाराई हा एदो, म्हणजे जुनं टोकियो, ते क्योतो जाणाऱ्या नाकासेंदो या जुन्या रस्त्यावरच्या 69 टप्प्यांमधला 34 वा. खाली किसो-फुकुशिमाला चौकी होती. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका, या दोन गोष्टींची तिथं कसून तपासणी व्हायची, कारण सरदारांची कुटुंबं एदोत ओलीस असायची.

कपड्यांचं बाबांनी चुकीचं गणित केलं होतं. नाराई साधारण 940 मीटरवर, महाबळेश्वरहून बरंच खाली, म्हणून थंडीही तेवढीच असेल असं त्यांनी धरलं. पण हे गाव 36 अंश अक्षांशाच्या आसपास आहे. ऑक्टोबरच्या रात्री हात गार पडतात आणि जानेवारीत पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. लाकडी घरात भिंती पातळ असतात, म्हणून लोकरी मोजे दोन जोड. मोज्यांना भोक नको, कारण दिवसभर बूट काढणं-घालणं चालू असतं. बूटही नाडीचे नकोत, सरळ पाय सरकवता येतील असे हवेत.

तोरिई खिंड चढून पलीकडच्या याबुहारा गावाला उतरायचं असेल तर मात्र पकड असलेले बूट लागतात. खिंड 1197 मीटर, वाट सहा-सात किलोमीटर, आमच्या चालीनं तीन तास. बॅगेला अस्वलाची घंटा बांधा. हे शोभेसाठी नाही. या जंगलात काळी अस्वलं खरोखर आहेत आणि ती अचानक समोर आलेल्या माणसाला घाबरून हल्ला करतात. वाटेवर ठिकठिकाणी मोठ्या घंटा टांगल्या आहेत. प्रत्येक घंटा वाजवत पुढे जायचं. पहाटे आणि संध्याकाळी जाऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांनी खिंडीऐवजी आगेमात्सुजवळच्या आकासावाच्या हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या, जंगलात जावं. 1982 मध्ये "शिनरिन-योकु", म्हणजे वनस्नान, ही कल्पना तिथूनच पुढे आली. जुनी लाकूडवाहू छोटी आगगाडीही आहे. हिवाळ्यात मात्र ते बंद असतं.

हिनोकी तुम्हाला स्नानाच्या टबातही भेटेल. आधी बाहेर बसून साबणानं पूर्ण अंग धुवायचं, मग टबात शिरायचं, आणि निघताना पाणी सोडायचं नाही, कारण ते सगळ्यांचं असतं. या लाकडासाठी एकेकाळी "एक झाड, एक मुंडकं" असा कायदा होता. इसेचं देऊळ दर 20 वर्षांनी नव्यानं बांधतात, त्यासाठीही किसोतला हिनोकी जातो.

सामान थोडं न्या. मोठी बॅग ताक्क्यूबिननं, म्हणजे घरपोच कुरिअरनं, पुढच्या मुक्कामी पाठवून द्या आणि पाठीवरची एक सॅक घ्या. चाकांची बॅग असेलच तर गल्लीत उचलून धरा. रात्री त्या रस्त्यावर चाकांचा खडखड या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातो, आणि दोन्ही बाजूंच्या कागदी दारांमागे माणसं झोपलेली असतात. 1978 पासून हे गाव संरक्षित आहे, तरी ते राहतं गाव आहे. उघड्या दारातून आतले फोटो काढू नका. कचऱ्यासाठी पिशवी न्या, कचराकुंडी शोधूनही सापडत नाही; सगळा टोकियोला परत आणायचा.

सॅकमध्ये थोडी जागा रिकामी ठेवा. शेजारच्या हिरासावात लाखकाम चालतं. 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या पदकांवरचं लाखकाम किसोतल्या कारागिरांचं होतं. आईनं तिथून एक लहान वाटी घेतली, देवापुढं साखर ठेवायला. याबुहाराला लाकडी बारीक दातांचे कंगवे मिळतात, हातानं केलेले, पिढ्यान्पिढ्या टिकणारे.

आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. टोकियोतल्या चांगल्या दुकानातला मिठाईचा खोका, नीट गुंडाळलेला, दोन्ही हातांनी द्यायचा. आमच्या पुढच्या वेळच्या यादीत त्याखाली आईनं पुण्याहून फोनवर एक ओळ घालायला लावली आहे: मेतकुटाचे दोन पुडे, त्यातला एक ओकामी-सानसाठी, आणि करायची कृती जपानीत लिहून.