अठरावे वर्ष लागण्यापूर्वी सगळ्या कार्यालयांना एका टेबलाशी कसे आणावे

दिव्यांग मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचा पालक म्हणून असलेला कायदेशीर अधिकार आपोआप संपतो. त्याच सुमारास शाळाही सुटते. म्हणून तयारी चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू करावी.

आधी कागद पाहावेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्याची मुदत तपासावी आणि नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयात वेळेत फेरतपासणी करून घ्यावी. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते.

त्यानंतर खरे काम, म्हणजे बैठक. ती कोणी आपणहून बोलावत नाही. पालकांनीच शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र द्यावे आणि विशेष शिक्षक, थेरपिस्ट, प्रशिक्षण केंद्राचा प्रतिनिधी व समाजकल्याण विभागातील कर्मचारी यांना एकाच दिवशी बोलवावे. बैठकीपूर्वी मुलाला किंवा मुलीला काय हवे आहे ते तिच्याच शब्दांत, बोलता येत नसेल तर चित्रांवरून, एका पानावर उतरवावे आणि चर्चेची सुरुवात त्या पानापासून करावी. समजा, नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहणाऱ्या मुलीला हिंगणा एमआयडीसीत काम शिकायचे आहे. प्रशिक्षक जागा देईल, थेरपिस्ट ती सलग किती वेळ बसू शकते ते सांगेल. पण प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर मेट्रोचा प्रवास तिला कोण शिकवणार, हा प्रश्न कोणाच्याच फाइलमध्ये नसतो. असे प्रश्न तिथेच काढून, कोणी काय कधीपर्यंत करायचे ते लिहावे आणि त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. सही नसलेले आश्वासन कर्मचाऱ्याच्या बदलीबरोबर जाते.

अठरानंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करण्याची घाई मात्र करू नये. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालक नेमणाऱ्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. नागपुरात त्यासाठी सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ठरावीक निर्णयापुरते, त्या व्यक्तीच्या सल्ल्याने चालणारे मर्यादित पालकत्वही आहे, आणि पुष्कळ तरुणांना तेवढेच पुरते.

संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा. बैठकीच्या टिपणाची प्रत प्रत्येकाकडे पोहोचवावी आणि पुढची तारीख उठण्यापूर्वीच ठरवावी, तीही शाळा सोडल्याचा दाखला हाती पडण्याआधीची.