आधी दारातलं स्टिकर वाचा, मग ट्रेलर बघा

ग्रीन कार्ड झालं, घर झालं, की आपल्या मंडळींना वेध लागतात आरव्हीचे, म्हणजे चाकांवरच्या घराचे. इथे डॅलसच्या आसपास दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "काका, फिफ्थ व्हील घेऊ की ट्रॅव्हल ट्रेलर?" मी उलट विचारतो, ओढणार कशाने? पलीकडे शांतता.

सिएना किंवा ओडिसी मिनीव्हॅन असेल तर विषयच संपला. त्यांची मर्यादा ३,५०० पाउंड, म्हणजे अगदी चिमुकला ट्रेलर. फिफ्थ व्हीलला पिकअपच हवा, कारण त्याची किंगपिन, म्हणजे पुढची जाड खीळ, ट्रकच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बसवलेल्या हिचमध्ये (जोडणीत) अडकते. भार ट्रकच्या चाकांवर येतो, त्यामुळे ट्रेलर गुमान मागे येतो. ट्रॅव्हल ट्रेलर अडकतो बंपरखालच्या बॉलवर, चाकांच्या बराच मागे. अमारिलोच्या अलीकडे-पलीकडे आय-४० वर आडवा वारा सुटला आणि शेजारून अठरा चाकी ट्रक गेला, की हा ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबू नका. गॅसवरचा पाय हळूच काढा आणि ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरने हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. सामान भरताना मागचा भाग जड होऊ देऊ नका.

एवढं वाचून वाटेल, मग फिफ्थ व्हीलच बरा. मलाही वाटलं होतं. माझा हाफ टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातला ट्रक, जाहिरातीत ११,००० पाउंड ओढणारा. डीलर म्हणाला, "आरामात ओढेल." भरून ९,००० पाउंड होणारा फिफ्थ व्हील मी घेतला. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतं: माणसं आणि सामान मिळून ट्रक किती वजन पेलेल त्याचा आकडा. माझा होता १,५२०. ते मी वाचलं खरेदीनंतर तीन आठवड्यांनी, तेही कॅम्पग्राउंडवरच्या एका म्हाताऱ्या अमेरिकन शेजाऱ्याने बोट ठेवून दाखवलं म्हणून.

फिफ्थ व्हीलचं साधारण २० टक्के वजन हौद्यात उतरतं. म्हणजे १,८००. हिचचे १५०. आम्ही चौघं ५६०. बेरीज २,५१०. ओढण्याची ताकद होती, पेलण्याची नव्हती! शेवटी ट्रेलर विकला, त्यात हजारो डॉलर गेले, आणि त्या वर्षीची भारतवारी रद्द झाली. बायको अजून ऐकवते.

त्याच ट्रकला ६,००० पाउंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर चालला असता. बॉलवर १२ टक्के धरले तर ७२०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (ही भार पुढच्या-मागच्या चाकांत वाटते) शंभरेक, आणि आम्ही. जेमतेम बसतं. हा हिशेब 'ड्राय वेट'वर, म्हणजे रिकाम्या ट्रेलरच्या वजनावर करू नका, त्या आकड्यात पाणीसुद्धा धरलेलं नसतं. एक गॅलन ८.३ पाउंड, चाळीस गॅलनची टाकी म्हणजे ३३२. त्यात आपला कुकर, तांदळाचं पोतं आणि गणपतीला जमते तेवढी पाहुणेमंडळी. "अरे, काही होत नाही" म्हणणारा मित्र मंडळात हमखास भेटेल. त्याच्याकडे ट्रेलर आहे का, हे आधी विचारा.

वन टन, म्हणजे जास्त भार पेलणारा दणकट ट्रक असेल आणि महिनोन्‌महिने फिरायचं असेल, तर खुशाल फिफ्थ व्हील घ्या. उभं राहायला उंची मिळते, कपाटं मिळतात. पण तो तेरा फुटांच्या आसपास उंच असतो, तेव्हा पुलांवरचे आकडे वाचत जा. हौदा आखूड असेल तर सरकणारी हिच घ्या, नाहीतर वळताना ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेत घुसतो.

नॅशनल पार्कला जाणार असाल तर लांबी बघा. योसेमिटी व्हॅलीत ट्रेलरला ३५ फुटांची मर्यादा आहे.

एचओए, म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना, ट्रेलर दारात उभा करू देते का, तेही आधीच विचारा.

रिव्हर्सचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडेच हात न्या. बायकोला मागे उभं करून ओरडू नका. फोन लावा, हळू बोला. आणि फोडणी बाहेर, टेबलावरच्या शेगडीवर द्या. आतला अलार्म मोहरी तडतडायच्या आत वाजतो.