सोसायटीतला ओला कचरा सोसायटीतच: तयारी फेब्रुवारीत, परीक्षा जुलैत

पुण्यात सोसायटीचा खतप्रकल्प बंद पडतो तो बहुधा जुलै महिन्यात. उन्हाळाभर ठीक चाललेल्या हौदातून दोन आठवड्यांच्या पावसानंतर वास सुटतो, आळ्या भिंतीवर चढतात, पहिल्या मजल्यावरून तक्रार येते आणि कमिटी हौदावर झाकण टाकून मोकळी होते. चूक पावसाची नसते, हौदाचीही क्वचितच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात पडलेला पालापाचोळा पोत्यात भरून गेटबाहेर काढला किंवा कोपऱ्यात पेटवला, तिथेच जुलैचं काम बिघडलेलं असतं, कारण पावसाळ्यात ओल शोषायला तोच पाला लागतो.

म्हणून पहिली खरेदी हौदाची करू नका. आधी सात दिवस कचरा तोला. साधा तराजू, एक वही आणि रोज सकाळी दहाच्या सुमारास वजन. रविवार धरायलाच हवा, कारण रविवारी आकडा वाढतो. चाळीस फ्लॅट असतील आणि घरटी अर्धा ते पाऊण किलो धरला, तर रोज वीस ते तीस किलो ओला कचरा निघतो. पुढचं सगळं गणित पंचवीस किलोंचं मांडलं आहे. तुमचा आकडा वेगळा आला तर त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

पंचवीस किलो ओला कचरा म्हणजे वीस लिटरच्या साधारण तीन बादल्या. त्यात पाणीच तीन चतुर्थांशाहून जास्त. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) पंचवीस-तीस पट कर्ब (कार्बन) लागतो. भाजीच्या देठांत आणि उरल्यासुरल्या अन्नात नत्र भरपूर, कर्ब अपुरा. ती तूटही पाला भरून काढतो आणि जास्तीचं पाणीही तोच शोषतो. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक बादली ओला कचरा, एक बादली पाल्याचा चुरा. चुरा म्हणजे खरंच चुरा. बदामाचं किंवा वडाचं अख्खं पान थरात चिकटून बसतं, वरचं पाणी खाली जाऊ देत नाही आणि खालची हवा कोंडते. पाला उन्हात कुरकुरीत वाळवा, पोत्यात भरून तोंड बांधा आणि पायाने तुडवा. गुलमोहर आणि रेन ट्रीची पानं बारीक असतात, ती तशीच चालतात.

आता साठ्याचा हिशेब. रोज तीन बादल्या म्हणजे साठ लिटर चुरा, पावसाळ्याचे १२० दिवस, एकूण ७,२०० लिटर. मोठ्या पोत्यात शंभरेक लिटर मावतो, म्हणजे सत्तरेक पोती. आकडा ऐकून कमिटी दचकते, पण एकावर एक रचली तर ही पोती एका गाडीच्या पार्किंगपेक्षा कमी जागेत बसतात. जमिनीला टेकवू नका, विटांवर फळ्या टाकून ठेवा, वर छप्पर हवंच. आवारात झाडं कमी असतील तर शेजारच्या सोसायटीला विचारा. त्यांना पाला नकोच असतो. जास्तीचा पाला देणारे आणि हवा असणारे यांची गाठ घालून देणारा ‘ब्राऊन लीफ’ हा गट पुण्यातच उभा राहिला आहे. पाला अगदीच कमी पडला तर वखारीतला लाकडाचा भुसा चालतो. मात्र प्लायवूडचा भुसा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी छान शोषतं, पण ते दरवेळी विकत आणावं लागतं, आणि खर्च नजरेत आला की पुढच्या मीटिंगमध्ये प्रकल्पावरच प्रश्न येतो.

हौद

पंचवीस किलोंसाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच असे चार हौद बांधा. एकाची क्षमता साधारण ७६० लिटर. रोज कचरा आणि चुरा मिळून १२० लिटर पडतं, पण ते बसत बसत तिसऱ्या हिश्शावर येतं. त्यामुळे एक हौद सुमारे अडीच आठवड्यांत भरतो. चौथा भरून होईपर्यंत पहिल्याला पन्नासेक दिवस मिळालेले असतात आणि तेवढ्यात खत तयार होतं. तीन हौदांत भागवायला गेलात तर पावसाळ्यात कच्चंच खत बाहेर काढावं लागतं.

भिंती विटांच्या, विटांमध्ये हवेसाठी फटी सोडलेल्या. पुढची बाजू फळ्यांची ठेवा, एकेक फळी काढता आली पाहिजे, नाहीतर तीन फूट खोल हौदातला माल उलटताना माणसाची पाठ मोडते. तळाला आणि बाहेरून सगळ्या बाजूंनी अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी मारा. पुण्यात घुशींचा उपद्रव मोठा आहे आणि त्या मऊ प्लास्टिकची जाळी रात्रीत कुरतडतात. तळाला किंचित उतार देऊन एक पाइप काढा, त्याखाली बादली. छप्पर चारही बाजूंनी दोन फूट बाहेर आलेलं हवं, कारण इथला पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येतो. जागा निवडताना कोणाच्या स्वयंपाकघराची खिडकी जवळ नाही हे पाहा. वास नसला तरी हौद दिसला की लोकांना वास येतो.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांबद्दल स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. बहुतेक यंत्रं कचरा चिरतात आणि भुशात मिसळतात. त्यातून पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर पडतो तो कच्चा माल, खत नव्हे. तो पुढे क्रेटमध्ये किंवा हौदात मुरवावाच लागतो. चोवीस तासांत ‘खत’ देणारी यंत्रं कचरा तापवून सुकवतात. ती कोरडी भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागते आणि रोपाची मुळं जळतात. जागा फारच कमी असेल तर यंत्र घ्या, पण मुरवण्याची जागा आणि महिन्याचं वीजबिल आधी मोजा.

रोजचं काम

नव्या हौदाच्या तळाला चार इंच काटक्या आणि नारळाच्या शेंड्या टाका. त्यावर दोन इंच चुरा आणि एक घमेलं जुनं खत. जुनं खत नसेल तर ताजं शेण पाण्यात कालवून शिंपडा. दह्याला लागतं तसं हे विरजण. दुसऱ्या फेरीपासून विकतचं कल्चर आणायची गरज पडत नाही.

सकाळी कचरा आला की तो आधी ताडपत्रीवर पसरायचा. चमचे, रबरबँड, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे आणि औषधांची पाकिटं इथेच निघतात. कोबीची पानं, केळीची सालं, कणसाची बुरकुंडं कोयत्याने दोन-तीन इंचांवर तोडा. आमटी-रश्शाचं अन्न निथळून घ्या. मग हौदात थर, त्यावर तेवढाच चुरा, आणि दातेरी लोखंडी पंजाने वरच्या सहा इंचांत हलवून एकजीव. सगळ्यात शेवटी दोन इंच चुऱ्याचं पांघरूण. हे पांघरूण कधीही चुकवायचं नाही. ओला कचरा डोळ्यांना दिसला, तर माशीलाही दिसला.

ओल तपासायला उपकरण लागत नाही. हातमोजा घालून हौदाच्या मधला माल मुठीत घ्या आणि जोरात आवळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल बरोबर आहे. धार लागली तर चुरा वाढवा. गोळा लगेच फुटला तर पाणी किंवा ताकाचं पाणी शिंपडा. एप्रिल-मे मध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत ही गोळा फुटण्याची अडचण जास्त येते.

उष्णता तपासायला एक लोखंडी सळई मध्यभागी खुपसून ठेवा. पाच मिनिटांनी बाहेर काढून हात लावा. चटका बसला तर आत ५५ ते ६५ अंश आहे, जिवाणू कामाला लागले आहेत. ढीग दीड-दोन फुटांचा होईपर्यंत ही ऊब येत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात घाबरू नका. हौद भरल्यावर दर आठवड्याला एकदा माल वरखाली करा. उलटल्यावर ऊब पुन्हा चढते. उलटूनही चढेनाशी झाली की मुरण्याचा टप्पा सुरू झाला.

बिघाड वासावरून ओळखा

कुजक्या अंड्यांसारखा वास म्हणजे आत हवा नाही, माल पाण्याने बसला आहे. त्यावर फिनेल किंवा जंतुनाशक पावडर टाकली की वास दोन दिवस दबतो आणि जिवाणूही मरतात. ते कधीच करू नका. पूर्ण हौद उलटा, दोन पोती चुरा मिसळा, तळाचा पाइप तुंबलाय का पाहा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे नत्र जास्त. लग्नघरचा भात किंवा भाजी एकदम पडली की हे होतं. तिथेही चुराच, पण उलटणं थोडकं पुरतं.

मोठ्या करड्या, चपट्या आळ्या दिसल्या की लोक सर्वांत जास्त बिथरतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या आळ्या असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात. ही माशी घरातल्या ताटावर येऊन बसणारी नव्हे. पण आळ्या मोठ्या संख्येने भिंत चढून बाहेर पडत असतील तर माल फार ओला झाला असावा, एवढं समजा. बारीक चिलटं मात्र फळांच्या सालींवर येतात, ती पांघरूण जाड केलं की जातात.

मे-जूनमध्ये आंब्याच्या कोयींचा खच पडतो. कोयी, करवंट्या आणि मोठी हाडं पन्नास दिवसांत कुजत नाहीत, त्यांना वेगळं पोतं ठेवा. लिंबा-संत्र्याची सालं चालतात. गणपतीत आणि दसऱ्याला झेंडू भरपूर येतो. तो उत्तम कुजतो, पण हारातला दोरा, तार आणि जरी आधी काढावी लागते, नाहीतर दोरा पंजाला गुंडाळत राहतो. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्या सोसायटीच्या हौदात वेळेत विरत नाहीत. त्यांना आत घेऊ नका. घराघरातला ओल्या कचऱ्याचा डबा बिनपिशवीचाच ठेवायला सांगा, तळाशी वर्तमानपत्राचा एक कागद पुरतो.

हात कोणाचे

हे काम सफाई कामगाराच्या किंवा कचरावेचक ताईंच्या रोजच्या कामात ‘जाता जाता’ ढकलू नका. पंचवीस किलोंना रोज तास ते दीड तास लागतो आणि त्याचा वेगळा मोबदला ठरला पाहिजे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. दारोदार कचरा घेणाऱ्या या ताईंच्या कमाईत सुका कचरा विकून येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा असतो. भाजीच्या रसात भिजलेला पुठ्ठा विकला जात नाही, म्हणजे आपल्या आळसाची किंमत त्या मोजतात. हातमोजे, गमबूट, साबण आणि हात धुवायला नळ हौदाजवळच हवा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, म्हणजे ते कोणाला उघडून पाहावे लागत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग सांगितले आहेत, तेव्हा फलक लावतानाच चार रकान्यांचा लावा.

शहराचा न वेगळा केलेला कचरा वर्षानुवर्षं कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी सोसला. त्यांच्या विहिरींचं पाणी त्यापायी खराब झालं आणि त्यांना गाड्या अडवून बसावं लागलं. आपल्या आवारात मुरलेलं प्रत्येक घमेलं दुसऱ्या कोणाच्या दारात जात नाही, हे सर्वसाधारण सभेत मोकळेपणाने बोला. लोक ऐकतात.

वहीत रोज चार गोष्टी लिहा: ओल्या कचऱ्याचं वजन, चुऱ्याच्या बादल्या, सळईचा चटका बसला की नाही, आणि कोणी काम केलं. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू नसेल तर ती जाते. तपासणीला माणूस आला की वही आणि गरम हौद, दोन्ही दाखवता आलं पाहिजे. सवलत गांडूळखताच्या नावाची आहे, म्हणून मुरत आलेल्या हौदातला माल थंड झाल्यावर त्यात गांडुळं सोडा. गरम मालात ती मरतात.

खत झालं का?

रंग गडद, वास पहिल्या पावसातल्या मातीचा आणि कचऱ्याचा एकही तुकडा ओळखू न येणारा. तरी खात्री करा. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून पंधरा दिवस मुरू द्या. दुसरी परीक्षा मेथीची: एका कुंडीत निम्मं खत आणि निम्मी माती, दुसरीत नुसती माती, दोन्हींत वीस-वीस दाणे. आठवड्यात खताच्या कुंडीत कमी उगवले किंवा पानांच्या कडा करपल्या, तर खत कच्चं आहे.

खत या परीक्षांना उतरल्यावर सावलीत दोन दिवस पसरा आणि पाच मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. ओल्या कचऱ्याच्या वजनाच्या साधारण सहावा-सातवा हिस्सा खत मिळतं, म्हणजे पंचवीस किलोंवर महिन्याला शंभर ते सव्वाशे किलो. कुंडीला एक भाग खत, तीन भाग माती पुरे. चाळणीवर राहिलेली भरड फेकू नका. तीच पुढच्या हौदाचं विरजण, आणि ऑगस्टमध्ये चुऱ्याची पोती संपत आली की निम्म्या चुऱ्याऐवजी ती वापरता येते.