बायोस्फिअर रिझर्व्हमध्ये व्हॉलंटिअर म्हणून काम करताय? या चुका टाळा

शिक्षण आणि संशोधनाचं काम करायचं म्हणून खूप जण उत्साहाने येतात, पहिले दोन-तीन कार्यक्रम जोरात होतात आणि मग हळूहळू ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं. दरवेळी पैसे नव्हते किंवा वेळ नव्हता असं नसतं, बऱ्याचदा सुरुवातच चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बायोस्फिअर रिझर्व्ह म्हणजे अभयारण्यच असं समजणं. ही कल्पना युनेस्कोच्या 1971 मध्ये सुरू झालेल्या 'मॅन अँड द बायोस्फिअर' कार्यक्रमातून आली आणि तिच्यात माणूस आतच धरलाय. मधे गाभा क्षेत्र, त्याला कायद्याचं कडक संरक्षण, भोवती बफर म्हणजे मधला सुरक्षा पट्टा, आणि त्याबाहेर संक्रमण क्षेत्र, जिथे गावं, शेती, गुरं, बाजार सगळं असतं. निलगिरी 1986 मध्ये भारतातला पहिला बायोस्फिअर रिझर्व्ह झाला, पण तोडा, कुरुंबा, इरुळा हे आदिवासी लोक तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून राहतायत. आता अशा ठिकाणच्या शाळेत जाऊन तुम्ही 'लाकूड तोडू नका'चं पोस्टर लावलं तर ज्या पोराच्या घरची चूल सरपणावर चालते त्याला काय ऐकू येतं? माझी आई गुन्हेगार आहे, एवढंच. पुढच्या वेळी कोणी आलं नाही की आपण म्हणतो लोकांना इंटरेस्टच नाही. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं.

त्यामुळे आधी विचारा, शिकवायचं ते नंतर. विहीर कधीपासून लवकर आटायला लागली, रानडुकरं शेतात कोणत्या महिन्यात येतात, मध कमी का मिळतोय, असे प्रश्न लोकांकडे तयार असतात. त्यातला एकच घ्या आणि त्यावर काम उभं करा. शेतकऱ्याने स्वतः तारीख, वेळ, पीक, शेताची कुठली बाजू एवढं हंगामभर लिहिलं तर चार दिवस येऊन जाणाऱ्या अभ्यासकाला जे दिसणार नाही ते त्या वहीत दिसतं.

दुसरी चूक डेटाची, आणि इथे मेहनत सगळ्यात जास्त वाया जाते. आज पाच जण दोन तास फिरले आणि पुढच्या महिन्यात दोघं अर्धा तास, आणि मग 'पक्षी कमी झाले' असा निष्कर्ष! पक्षी कमी झाले की बघणारे, हे त्यातून कळतच नाही. जागा तीच, वेळ तीच, मिनिटं तेवढीच ठेवा आणि किती माणसं होती ते प्रत्येक वेळी लिहा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ 'गेलोच नाही' असाही होतो. झाडांचा फुलोरा बघायचा असेल तर तीच नंबर घातलेली झाडं दर आठवड्याला बघायची, जे फुललंय त्याचा फोटो काढून उपयोग नाही. ओळख पटत नसेल तर अंदाजाने नाव ठोकू नका, 'नक्की नाही' असं लिहून फोटो ठेवा. जुना डेटा आधीच विस्कळीत झाला असेल तर तो दुरुस्त करत बसू नका, कोणत्या नोंदींमध्ये वेळ आणि माणसं लिहिली आहेत त्या वेगळ्या काढा, बाकीच्या फक्त 'इथे हे दिसलं' एवढ्यापुरत्या वापरा.

दुर्मिळ ऑर्किड किंवा घुबडाचं घरटं सापडलं की लगेच लोकेशनसकट पोस्ट टाकणं हे तर कृपया नकोच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर बऱ्याच धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं, पण तुम्ही तोच फोटो ग्रुपवर ओढ्याचं नाव लिहून टाकला तर त्या झाकण्याला काही अर्थ राहत नाही.

परवानगीबद्दल थोडक्यात. गाभा क्षेत्रात शिरायला, नमुने गोळा करायला वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा, तोंडी 'जा हो' वर जाऊ नका. स्टाफ संशयाने बघत असेल तर त्यांनाच ट्रेनिंगला बोलवा, रोज जंगलात फिरणाऱ्या वनरक्षकाला जे माहीत असतं ते आपल्या पीपीटीत नसतं.

मुलांचं म्हणाल तर भाषणं कमी करा आणि त्यांना ओढ्यात उतरवा. दगड उचलून खाली चिकटलेले किडे मोजायचे. स्टोनफ्लाय, मेफ्लायची पिल्लं बहुतेक स्वच्छ, भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात टिकतात, ती गायब आणि नुसत्या लाल अळ्या असतील तर ओढ्याच्या वरच्या अंगाला पाण्यात काहीतरी मिसळतंय का बघायला हवं. दगड परत तसाच ठेवायचा, हे पहिल्याच दिवशी सांगा.

आणि शेवटची चूक म्हणजे निकाल लोकांकडे परत न नेणं. रिपोर्ट इंग्रजीत बनतो, बाहेर जातो, ज्यांनी वर्षभर नोंदी केल्या त्यांना कधी दिसतच नाही, मग दुसऱ्या वर्षी वही कोण भरणार? त्यांच्या भाषेत एक पान करा, ग्रामसभेत वाचा, नोंदी करणाऱ्यांची नावं त्यांना विचारून त्यात घाला. जे लोक 'हे चुकलंय' म्हणतील त्यांचं लिहून घ्या, बरेचदा तेच बरोबर असतात. युनेस्कोच्या जाळ्यातल्या रिझर्व्हचा दर 10 वर्षांनी आढावा होतो, तेव्हा सलग नोंदी कामाला येतात, म्हणून वहीची एक प्रत शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा आणि फॉर्म कसा भरायचा ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, म्हणजे तुम्ही गाव सोडून गेलात तरी पुढचा माणूस त्याच आठवड्यात मोजणी सुरू ठेवू शकेल.